एका बेटाची तोंडओळख

बेसिंगस्टोकमध्ये ऑक्टोबर लागला की मराठी घरांतून इंग्रज राजांची नावं ऐकू यायला लागतात. कुणी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता एका राजाच्या सहा बायकांचा क्रम लावत असतं, कुणी मुलाला शाळेत सोडून परत येताना प्लेगचं साल पुटपुटत असतं. इथल्या बिझनेस पार्कांतल्या कंपन्या पुण्या-नागपूरहून माणसं आणतात ती बहुतेक शरदातच, नवीन प्रोजेक्ट सुरू होताना. त्यामुळे सगळ्यांची पाच वर्षंही एकदमच भरतात, आणि पाच वर्षं भरली की परीक्षा. आपल्याकडे मार्च असतो ना, तसा इथल्या मराठी माणसांचा हा ऑक्टोबर.

परीक्षा म्हणजे काय, तर या देशाचा इतिहास, भूगोल, संस्कृती आणि पोटापाण्याचे उद्योग हे सगळं एका पुस्तकात कोंबलेलं असतं. ते वाचायचं, दुसऱ्या गावात जाऊन एका खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि चोवीस प्रश्नांना टिक करायचं. अठरा बरोबर आले की तुम्ही इथे कायम राहायला लायक. मग अर्ज करायचा. एवढंसं बेट, पण तोरा बघा त्याचा! आमच्याकडे येऊन जे दीडशे वर्षं राहिले, त्यांची कुणी तोंडी तरी घेतली होती का?

दर शनिवारी आमच्या पुढच्या खोलीत या परीक्षेचा क्लास भरतो. शिकवते माझी बायको, वैशाली. पाच-सहा जणी येतात, कधी एखादा नवरा येतो. ओले कोट रेडिएटरवर वाळत पडतात आणि घरभर ओल्या लोकरीचा आणि आल्याच्या चहाचा वास भरून राहतो. त्या वेळी मला घरात थांबायची परवानगी नाही. वैशाली दारात माझे बूट काढून ठेवते आणि म्हणते, "दीड तास तरी येऊ नका." आलेल्या मुलींना गंमत वाटते. त्यातली एक म्हणाली, "काकांना बाहेर का काढता हो? त्यांचं तर हिस्टरी इतकं छान आहे!" वैशाली म्हणाली, "म्हणूनच."

मग मी चालत सुटतो. चालायला या गावात आहे काय, तर राउंडअबाउट. एक संपला की दुसरा. मधोमध गवत, गवतात कौन्सिलने लावलेली चार झेंडूसारखी फुलं, आणि भोवती गोल गोल फिरणाऱ्या गाड्या. वरून पाऊस. त्याला पाऊस म्हणायचं माझ्या जिवावर येतं. पडायचं की नाही हे त्याचं सकाळपासून ठरलेलं नसतं. नुसता चष्म्यावर बसून राहतो. त्याच्यावर ही माणसं दिवसभर बोलतात. "लव्हली डे" म्हणतात, "ऑफुल डे" म्हणतात, आणि दोन्ही दिवस मला सारखेच दिसतात.

माझं डोकं असं तिरकं आहे हे मला ठाऊक आहे. चिंचवडला मी लहानाचा मोठा झालो आणि घरात सगळ्यांनाच नावं ठेवायची सवय होती. देवळातल्या पुजाऱ्यापासून पंतप्रधानांपर्यंत. वडील पेपर वाचायचे ते केवळ चुका काढायला. मीही इतिहास वाचला तो तसाच. नोकरी कॉम्प्युटरची केली, पण वाचन इतिहासाचं. आणि मग या देशात येऊन पडलो, जिथे नावं ठेवायला एवढा ऐवज आहे की माणसाला रविवारसुद्धा पुरत नाही.

आमच्या परीक्षेचं वर्ष आलं तेव्हा सई, आमची मुलगी, तेरा वर्षांची होती आणि वैशालीचे वडील, नाना, एक्याऐंशीव्या वर्षात होते. नाना तासगावला असतात. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन डिसेंबरात करायचं ठरलं होतं. मार्गशीर्षातली तिथी काढलेली, हॉल बुक केलेला, गुरुजी ठरलेले. एक्याऐंशी दिवे लावून नानांना ओवाळायचं, आणि ओवाळणार वैशाली, कारण तीच एकुलती एक लेक. वैशालीने वर्षभर आधीच साडी घेऊन ठेवली होती. मोतिया रंगाची, जांभळ्या काठांची. कपाटातून ती अधूनमधून काढायची, उलगडायची, परत घडी घालायची.

मध्ये होता तो फक्त व्हिसा. आमची पाच वर्षं नोव्हेंबरात भरत होती. ऑक्टोबर संपता संपता अर्ज करता येणार होता. आणि नियम असा की अर्ज केल्यापासून निकाल येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलंत तर अर्ज बाद. म्हणून हिशेब सरळ होता. वैशालीने ऑक्टोबरच्या सुरुवातीला परीक्षा पास व्हायची, लगेच तातडीची अपॉइंटमेंट घेऊन अर्ज करायचा, नोव्हेंबरात परवानगी हातात, आणि डिसेंबरात तासगाव. माझी परीक्षा ऑगस्टमध्येच झाली होती. सकाळच्या ट्रेनने गेलो, वीस मिनिटांत टिक करून बाहेर आलो आणि दुपारच्या मीटिंगला हजर. घरी येऊन वैशालीला म्हणालो, "अगं, डोंबलाची परीक्षा! दोन दिवसांत होतं सगळं. उगाच आत्तापासून डोकं नको खपवूस." तिला जुलैमध्येच तारीख बुक करायची होती. मी थांबवलं.

तर सप्टेंबरपासून आमच्या स्वयंपाकघरात ते पुस्तक ब्रेडच्या डब्याला टेकून उभं राहू लागलं. वैशाली मेथी निवडता निवडता वाचायची, आणि मी चहाचा कप घेऊन समोर बसायचो. तिने एक वाक्य मोठ्याने वाचायचं आणि मी त्याची साल काढायची, असा रोजचा कार्यक्रम. खोटं कशाला सांगू, माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुखाच्या संध्याकाळी होत्या त्या. ऑफिसात मी दिवसभर "सॉरी" आणि "नो वरीज" म्हणत असायचो. घरी आलो की माझी गाडी सुटायची.

"या देशातला सर्वांत उंच पर्वत..." ती वाचायला लागायची.

"पर्वत?" मी म्हणायचो. "टेकडी म्हण. आपल्या कळसूबाईच्या खांद्यालासुद्धा लागत नाही ती. आणि कळसूबाईवर आपल्या बायका नऊवारीत, चपला हातात घेऊन चढतात. हे लोक तिथे दोर आणि शिट्ट्या घेऊन जातात."

ती हसायची. वैशाली हसली की तिचे खांदे हलतात आणि हातातली मेथी सांडते. मग मला आणखी चेव यायचा. संस्कृतीचं प्रकरण निघालं की मी म्हणायचो, चहा इथे उगवत नाही, साखर इथे पिकत नाही, आणि राष्ट्रीय पेय काय, तर चहा! इंग्लंडच्या संताचा दिवस हे पाळतात, तो संत बिचारा इंग्लंडात कधी आलाच नाही. बाकी तिन्ही प्रांतांचे संत वेगळे, झेंडे वेगळे. फुटबॉलला चार टीम, ऑलिम्पिकला एक. ज्यांना आपण एक आहोत की चार हे ठरवता येत नाही, ते आपल्याला प्रश्न विचारणार! उद्योगधंद्यांचं पान आलं की मी खिडकीबाहेर बोट दाखवायचो. खाणी बंद, गिरण्या बंद, जहाजांचे कारखाने बंद, आणि आता उद्योग काय, तर "सर्व्हिसेस". म्हणजे मी. म्हणजे आमच्या बिझनेस पार्कातल्या पाच काचेच्या इमारतींत बसून एकमेकांना स्लाइड दाखवणारी माणसं.

आणि साम्राज्य आलं की मी कप खाली ठेवायचो. हसणं बंद. पिंपरीच्या कॅम्पात माझा एक वर्गमित्र राहायचा, सिंधी. त्याचे आजोबा दारातल्या खाटेवर बसलेले असायचे. कराचीचं घर सोडताना त्यांनी कुलूप लावलं होतं, आणि त्याची किल्ली ते करदोट्याला बांधून फिरायचे. आम्हा पोरांना कधी कधी हातात घेऊ द्यायचे. फाळणीत त्यांची बहीण हरवली ती हरवलीच. हे सगळं मी वैशालीला सांगितलं, एकदा नाही, अनेकदा. म्हटलं, "आणि हे पुस्तक काय सांगतं? साम्राज्य संपलं ते कसं शिस्तीत, गोडीगुलाबीने. पाहुणे जेवून हात धुऊन निघाले जसे! हे खोटं आहे, वैशाली. हे वाचताना लाज वाटायला पाहिजे लिहिणाऱ्याला." ती मेथी निवडायची थांबली होती. म्हणाली, "बिचारी. केवढी असेल हो ती बहीण?" मला माहीत नव्हतं.

ऑफिसातही मी गंमत करायचो. शेजारच्या टेबलावर कॉलिन नावाचा इंग्रज बसतो, पिढ्यान्‌पिढ्या हॅम्पशायरचा. त्याला मी परीक्षेचे दहा प्रश्न विचारले. तीन आले. गणपतीला मोदक द्यावा तसा त्याला एक बिस्कीट दिलं. तो खो खो हसला आणि म्हणाला, "गुड जॉब आय वॉज बॉर्न हिअर, मेट." मी घरी येऊन ते अगदी नकलेसकट सांगितलं. सई लोळून हसली. वैशाली म्हणाली, "त्याला यायला कशाला पाहिजे? त्याला थोडंच कुठे जाऊन परत यायचंय." माझं तिकडे लक्ष नव्हतं, मी नकलेत होतो.

परीक्षेचं केंद्र रेडिंगला. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. स्टेशनबाहेर ओली पानं चिकटून बसली होती, आणि त्यांच्यावरून घसरू नका म्हणून पाटीही लावली होती. या देशात पान गळालं तरी पाटी लागते. वैशाली आत गेली. कानातली काढून घेतात, बाह्या वर करून दाखवायला लावतात, चष्मा तपासतात. मी समोरच्या कॅफेत कॉफी घेऊन बसलो. पाऊण तासाने ती आली आणि समोरच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली.

"झालं?" मी विचारलं.

"नापास," ती म्हणाली.

मार्क सांगत नाहीत. पास की नापास, तेवढंच. बेसिंगस्टोकच्या ट्रेनमध्ये तिने मला एकेक प्रश्न सांगितला. पर्वताचं नाव काही केल्या आठवलं नाही. डोळ्यांसमोर सारखी कळसूबाईच येत होती. कुठला संत कुठल्या प्रांताचा ते उलटसुलट झालं, कारण माझे चौघांवरचे विनोदच तेवढे लक्षात होते. आणि साम्राज्याचा प्रश्न आला होता. पुस्तकातलं उत्तर तिला माहीत होतं. पर्याय समोर दिसत होता. "पण ते मला टिक करवेना हो," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं ना. त्या आजोबांची किल्ली... मी दुसरंच केलं." असे दोन-तीन प्रश्न तिने केले होते. खरं तेच टिक केलं होतं.

मला काय वाटलं सांगू? त्या क्षणी मला तिचा अभिमान वाटला. आणि दुसऱ्याच क्षणी डिसेंबर आठवला. मी म्हणालो, "बघ, हरामखोर कसे असतात! खरं लिहिलं की नापास." तिने खिडकीबाहेर तोंड केलं. घरी सईने दारातच विचारलं, "आई, तू फेल झाला?" तिचं मराठी असंच आहे. वैशालीने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "हो गं, झाला."

पुढची तारीख आठवड्याने घेता येते असा नियम. पण नियमाला तारखा असाव्या लागतात. रेडिंग भरलेलं, साउथॅम्प्टन भरलेलं. सगळ्या मराठी, तेलुगू, तमिळ माणसांचा तोच मोसम. आम्हीच एकमेकांच्या जागा अडवून बसलेले. शेवटी नोव्हेंबरच्या मध्यावरची तारीख मिळाली, आमचा व्हिसा संपायच्या जेमतेम आठवडाभर आधीची. तातडीच्या निकालाच्या अपॉइंटमेंटा तोवर संपलेल्या. म्हणजे पास झाली तरी साधा अर्ज, आणि साध्या अर्जाला किती महिने लागतील ते कुणी सांगत नाही. मी तक्त्यावर तारखा मांडल्या, खोडल्या, परत मांडल्या. कुठूनही मोजलं तरी डिसेंबरात वैशाली या बेटाच्या बाहेर जाऊ शकत नव्हती.

मी म्हणालो, "नानांचा कार्यक्रम पुढे नाही ढकलता येणार? जानेवारीत?"

"नऊ पाहुणे मुंबईहून येतायत, वहिनीच्या माहेरचे कोल्हापूरहून," ती म्हणाली. "आणि नानांनी तिथी स्वतः पंचांगात बघितलीय. मी नाही सांगणार."

पण सांगावं लागलंच. तिने फोन स्पीकरवर ठेवला होता. नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नापास? भूगोलात?" वैशाली म्हणाली, "नाना, त्यातही." ते म्हणाले, "मग चांगलं झालं. आता मी घेतो तुझा अभ्यास. पानांचे फोटो पाठव."

फोटो गेले. दादाने, म्हणजे वैशालीच्या भावाने, ते बाजारातून छापून आणले. आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे सकाळी साडेसहाला, काळोखात, तासगावहून फोन यायला लागला. तिकडे आधी अकरा, मग इथली घड्याळं मागे गेल्यावर बारा वाजलेले असायचे. नानांचं जेवण व्हायच्या आधीची वेळ. मागे दादाच्या दुकानातला माल उतरवल्याचा आवाज, कुणीतरी "ओ आण्णा" म्हणून हाक मारतंय, आणि मधोमध नानांचा तो वर्गातला खणखणीत आवाज.

"सर्वांत उंच शिखर?"

"नाना, ते म्हणजे, हे लोक त्याला पर्वत म्हणतात, पण..."

"पण-बिण नाही. नाव. आणि कुठल्या प्रांतात."

ती नाव सांगायची. मी जिन्यात उभा राहून ऐकायचो. या पुस्तकातलं खरं-खोटं नानांना कळत नव्हतं असं नाही. फाळणीची पोरकी माणसं त्यांनीही पाहिली होती. साम्राज्याच्या प्रश्नाशी वैशाली अडली तेव्हा ते म्हणाले, "वैशू, परीक्षेत तुझं मत कुणी विचारलंय का? विचारलं की सांग. तोवर त्यांना काय हवंय ते दे आणि बाहेर ये. तुला बाहेर यायचंय ना?" ती म्हणाली, "हो." "मग परत सांग. कसं संपलं साम्राज्य?" आणि वैशालीने ते पुस्तकातलं उत्तर सांगितलं, आधी हळू, मग नानांनी "ऐकू नाही आलं" म्हटल्यावर मोठ्याने.

एका शब्दाने नाना कधी सोहळ्याबद्दल बोलले नाहीत. आपली लेक आपल्याला ओवाळायला येणार नाही हे ठाऊक असलेला तो म्हातारा रोज जेवणाआधी तिला इथे राहण्याचा अभ्यास शिकवत होता. आणि मी, इतिहासाचा मोठा जाणकार, जिन्यात पायजम्यात उभा! मला त्या बेटाचा राग येत होता, त्या पुस्तकाचा येत होता, पानं गळू देणाऱ्या झाडांचासुद्धा येत होता. स्वतःवरचा राग मात्र मी अजून वाटेतच कुठेतरी अडकवून ठेवला होता.

नोव्हेंबरात ती पास झाली. पंधरा मिनिटांत बाहेर आली म्हणे. मी ऑफिसात होतो, तिने मला येऊ दिलं नव्हतं. त्याच रात्री अर्ज केला. तिने पहिला फोन नानांना केला आणि नाना म्हणाले, "शाब्बास. आता सईच्या गणिताच्या पानांचे फोटो पाठव."

सोहळ्याच्या आदल्या शनिवारी आम्ही लंडनला, वेम्बलीला गेलो. ईलिंग रोडवरच्या दुकानांत सगळं मिळतं. फुलवाती, कापूर, अष्टगंध, सुपाऱ्या. दुकानदार गुजराती. वैशालीने एक्याऐंशी फुलवाती मागितल्या तेव्हा त्याने विचारलं, "बहेन, मोटो प्रसंग छे?" ती म्हणाली, "हो, माझ्या वडिलांचा." त्याने मूठभर जास्त घातल्या. मेट्रोपॉलिटन लाइनच्या डब्यात ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि समोरचा एक साहेब आमच्याकडे बघून नाक मुरडत होता, कापराच्या वासाने असेल. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढच्या स्टेशनला उतरलाच. तेवढाच माझा पराक्रम.

सोहळा रविवारी. ओवाळण्याची वेळ तिकडे साडेअकराची, म्हणजे इथे पहाटे सहा. वैशाली तीनला उठली. कणकेचे दिवे तिने रात्रीच करून ठेवले होते. चार मोठ्या ताटांत मांडले, तूप घातलं, वाती लावल्या. मोतिया साडी नेसली, नथ घातली. रेडिएटर अजून गार होते आणि तिच्या दंडावर काटा आला होता. सईने फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर तासगावचा हॉल: नाना पाटावर बसलेले, अंगावर नवी शाल, डोक्यावर गुरुजींनी बांधलेली बाशिंगासारखी काहीतरी फुलं, कानावर हात ठेवून ऐकण्याचा प्रयत्न करताहेत. तिकडे वहिनी ताट घेऊन उभी होती. ठरलं होतं की तिकडून वहिनीने ओवाळायचं आणि त्याच वेळी इकडून वैशालीने.

आम्ही दिवे लावायला सुरुवात केली. तिघांनी मिळून. साठएक लागले असतील, आणि वैशालीने पहिलं ताट उचललं, आणि आमच्या डोक्यावरचा स्मोक अलार्म बोंबलायला लागला.

घरमालकाने बसवलेला तो अलार्म. नियमाप्रमाणे. तो थांबता थांबेना. मी स्टुलावर चढून टी-टॉवेल फडफडवत होतो, सई कानात बोटं घालून किंचाळत होती, शेजारच्या घरात दिवा लागला आणि भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला. मी त्या देशाच्या नावाने, त्याच्या कायद्यांच्या नावाने, त्याच्या सात पिढ्यांच्या नावाने जे तोंडाला येईल ते बोलत होतो. वैशाली मात्र ओवाळत होती. अलार्म चालूच, आणि ती फोनसमोर ताट फिरवत होती, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा फिरवताना पडद्यावरचं चित्र थांबलं. नानांचा एक हात अर्धवट वर उचललेला, डोळे मिटलेले. तासगावचं नेट गेलं होतं. ती पाचव्यांदा ओवाळून झाली तरी ते तसेच होते.

मी अलार्मची बॅटरी ओरबाडून काढली. घर एकदम गप्प झालं. दहा मिनिटांनी दादाचा मेसेज आला, सगळं छान झालं, नाना जेवायला बसलेत, दुपारी बोलू. सई जाऊन झोपली. वैशाली साडीतच टेबलाशी बसली आणि विझलेले दिवे उचलून एकेक पिशवीत टाकायला लागली. मी चहा ठेवला. आठ वाजत आले तरी बाहेर धड उजाडलं नव्हतं.

"चांगलं झालं हो सगळं," मी म्हणालो. "हे हलकट अलार्मवाले नसते तर..."

"अहो, एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार ना."

"तुमच्या परीक्षेत तो साम्राज्याचा प्रश्न आला होता का?"

नाही म्हणता आलं असतं. तिने काही तपासलं नसतं. "आला होता," मी म्हणालो.

"मग तुम्ही काय केलंत?"

चहा उतू जायला आला होता. मी गॅस बंद केला. "पुस्तकातलं," मी म्हणालो.

"शांतपणे संपलं, असं?"

"हो."

"आणि ते कॅम्पातले आजोबा?"

"अगं, ते परीक्षेत कसं लिहिणार?" मी म्हणालो. "ते आपलं घरातल्या घरात बोलायचं असतं."

तिने हातातला दिवा पिशवीत टाकला. मग दुसरा उचलला, त्यातली काळी वात बोटाने काढली आणि ताटात ठेवली.

"मी खरं समजत होते हो सगळं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हीही तेच लिहून आलात."